अप्पांच्या खोलीचा बंदोबस्त

२८ एप्रिल २०२१, बुधवार. सकाळी ७.१०
कालपासून पुन्हा लॉकडाऊन. दुकानं सहा ते दहा. धारवाडात पेशंट वाढतायत आणि आमच्या घरात अप्पा आहेत, माझे वडील. वय शहाऐंशी, डायबेटिस, डाव्या पायात ताकद नाही, लसीचा एकच डोस झालेला. थोडक्यात, हाय रिस्क.
सगळी जबाबदारी मी घेतली. सिंचन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा सुपरिंटेंडेंट म्हणून. बायकोला तसं सांगितलं. श्यामला म्हणाली, बरं.
अप्पांचं सगळं करायला वनिता रायापूरहून येते. आता बस बंद. ती आपणहून म्हणाली, अण्णा, मी महिनाभर इथंच राहते, अज्जांना उचलणार कोण? मी संमती दिली.

संध्याकाळी ६.००
नियमावली टाईप केली. चौदा कलमं. वनिताला वाचून दाखवली. तिनं नर्सिंग होममध्ये नऊ वर्षं आयाचं काम केलंय. तिचं म्हणणं, एवढं नको. हात साबणानं धुवायचे, मास्क सगळ्यांनी लावायचा, बाहेर जाणाऱ्यानं अज्जांच्या खोलीत यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. बास.
फार प्राथमिक विचार. कलम नऊनुसार खिडकी बंद केली. व्हायरस बाहेर आहे.

३० एप्रिल, शुक्रवार
कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून सामान आलं. सॅनिटायझर पाच लिटर, पीपीई किट एक (माझ्या मापाचं), थर्मामीटर गन एक. उद्घाटन केलं. अप्पांचं टेंपरेचर ३३.२ आलं. माझं ३२.९. कपाटाचं ३४. श्यामला म्हणाली, या मशीनप्रमाणे घरात फक्त कपाट जिवंत आहे.
वनितानं तिच्या पिशवीतून काखेत लावायचा जुना थर्मामीटर काढला. अप्पा नॉर्मल. मी दोन्ही आकडे लिहून ठेवले. डेटा वाया घालवू नये.

२ मे, रविवार. सकाळी ८.३०
पेपर निर्जंतुक केला. आधी सॅनिटायझर फवारलं, मग इस्त्री फिरवली. पेपर पेटला. अप्पांना फक्त खेळाचं पान देता आलं.

दुपारी ४.००
पीपीई किट घालून अप्पांच्या खोलीची पाहणी. अप्पांनी मला ओळखलं नाही. बसा डॉक्टर, म्हणाले. मी बसलो. त्यांनी पोटाची तक्रार सांगितली, गुडघ्याची सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, तब्येत ठीक आहे हो, पण मुलगा फार कटकट करतो, त्याला काही देता येईल का?
मी गोळ्या लिहून देतो म्हणालो. ओळख देणं त्या क्षणी योग्य वाटलं नाही.
किटमध्ये घामानं चक्कर आली. वनितानं ताक दिलं. उन्हाळ्यात किट वापरायचं नाही, असं ठरवलं.

५ मे, बुधवार
रोज सकाळी सात ते साडेनऊ मी बाहेरच्या परिस्थितीची पाहणी करतो. घरात बसून बंदोबस्त होत नाही. आज भाजी, मग पेढे, मग कोपऱ्यावर कृष्णा भेटला. कृष्णा माझ्याच खात्यातला, माझ्यानंतर वर्षानं रिटायर झाला. लोक किती बेफिकीर आहेत यावर आम्ही तासभर बोललो.
घरी आल्यावर थेट अप्पांजवळ बसून त्यांना रोजचं ब्रीफिंग दिलं. वनिता दारातून म्हणाली, अण्णा, मूगु मुच्कोरी. नाक झाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ येते, हे तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, मग चष्मा काढा.
उलट उत्तर. दुर्लक्ष केलं.

९ मे, रविवार. दुपारी ३.००
कृष्णाच्या नातवाचं बारसं झालं. अशा काळात समारंभ करणं मला मान्य नाही, हे मी त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. गेलोच होतो, तर डिस्टन्सिंगवर देखरेख केली. चौदाच माणसं. पोलीस येतील म्हणून दारं लावून घेतली होती. जेवणाचा आग्रह झाला. जेवताना मास्क काढावा लागतो, याला कुणाचाच इलाज नाही.
श्यामलाला सांगितलं, रेशनच्या दुकानात लाईन होती. ती म्हणाली, रविवारी?

१३ मे, गुरुवार
घसा खवखवतोय. माठातलं पाणी. किंवा कडुलिंबाचा मोहोर.
अप्पांना नियमावली पुन्हा पहिल्यापासून समजावली. चाळीस मिनिटं लागली. ते मध्येच झोपले. मी पूर्ण केली.

१४ मे, शुक्रवार
फोडणी देताना वनिता दोनदा खोकली. मी तत्काळ अॅक्शन घेतली. टेस्ट केल्याशिवाय तिनं अप्पांना हात लावायचा नाही. ती म्हणाली, चला, पण चौघांची करू. पक्षपात झाला असं वाटू नये म्हणून मान्य केलं.
घरात सॅनिटायझरचा वास येईनासा झालाय. कॉफीलाही वास नाही. मालात भेसळ असणार. दुकानदाराला कडक मेसेज पाठवला.

१६ मे, रविवार. सकाळी ११.००
रिपोर्ट आले. वनिता निगेटिव्ह. श्यामला निगेटिव्ह. अप्पा निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह.
लॅबमध्ये सॅम्पल बदलतात, असं ऐकलंय.

११.२०
वनितानं मला माडीवरच्या खोलीत पाठवलं. पाठवलं म्हणजे जिन्याकडे बोट दाखवलं. ताट दाराबाहेर येईल, दार ठोठावल्यावर दहा मोजून उघडायचं, असं बजावलं. माझं वय एकसष्ट आहे.
आरोग्य खात्याकडून फोन आला. बाई विचारत होत्या, गेल्या आठवड्यात एखाद्या कार्यक्रमाला गेला होतात का. कार्यक्रम म्हणजे मंगल कार्यालय, हे गृहीत धरून मी नाही म्हणालो.

१७ मे, सोमवार
अप्पांना ताप आला. एकशे एक.
अप्पांच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज ऐकला. हरकत घेतली नाही.

१८ मे, मंगळवार
अप्पांची पुन्हा टेस्ट. पॉझिटिव्ह.
कृष्णाला फोन केला. त्याच्या घरात पाच जण पॉझिटिव्ह. त्याची बायको हॉस्पिटलमध्ये. तो म्हणाला, बारशाचं कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, छे.

१९ मे, बुधवार. सकाळी ९.००
अप्पांचं ऑक्सिजन ब्याण्णव. डॉक्टर फोनवर म्हणाले, नव्वदच्या खाली गेलं तर हलवावं लागेल, पण बेड कुठं मिळेल ते मी सांगू शकत नाही. तोपर्यंत पालथं झोपवा.
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलोय. खालचं सगळं ऐकू येतं. वनिता म्हणतेय, अज्जा, माझ्या गळ्याला धरा, हां, सावकाश. श्यामला उशा लावतेय. अप्पा कण्हतात. अप्पा कधी कण्हत नाहीत.
वनितानं माझं पीपीई किट घातलंय. बाह्या पिना लावून आखूड केल्यात.

दुपारी २.००
मी वरून ओरडून सांगितलं, तासानं पुन्हा मोजा. श्यामला म्हणाली, ती अर्ध्या तासानं मोजतेय, तुम्ही आत जा.
ब्याण्णव.

संध्याकाळी ५.३०
त्र्याण्णव. वनिता सकाळपासून त्या खोलीत आहे. फक्त दोनदा बाहेर आली, हात धुऊन, मागच्या अंगणात जाऊन, मास्क काढून पाणी प्यायली. मी खिडकीतून पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही.
माझा ताप उतरलाय. त्याचं कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

२० मे
ब्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

२२ मे, शनिवार
पंच्याण्णव. अप्पांनी कॉफी मागितली. वनितानं नाही म्हटलं. अप्पांनी तिला कन्नडमधून शिवी दिली. खाली दोघी हसल्या.
मी दार लावून थोडा वेळ नुसता बसलो.

२८ मे, शुक्रवार
अप्पा सत्त्याण्णव. उशीला टेकून बसतात. वनिता आणि श्यामलाची पुन्हा टेस्ट झाली, दोघी निगेटिव्ह. कृष्णाची बायको घरी आली.
बंगळूरहून श्रीहर्षचा फोन. चिरंजीव म्हणाले, बाबा, वनिताअक्कांचा नंबर द्या, मित्राच्या आजीसाठी विचारायचंय. मी म्हटलं, मलाही विचारता येईल. तो म्हणाला, हो, पण नंबर द्या.

५ जून, शनिवार. दुपारी १२.४०
वनिता चार दिवसांसाठी घरी गेली. जाताना श्यामलाला अप्पांचं सगळं समजावून सांगितलं. मी शेजारीच उभा होतो.
श्यामलाला जरा पडायचं होतं, म्हणून अप्पांची पेज मी नेली. हात धुतले. मास्क नाकावर घेतला. चष्म्यावर वाफ आली, तसाच गेलो.
मनात मजकूर तयार होता. परिस्थिती, काळ, माणसाची मर्यादा, वगैरे. अप्पा शाळेत गणित शिकवायचे. ते माझ्याकडे बघत होते, आणि तो मजकूर काही तोंडातून निघेना. शेवटी एवढंच म्हणालो, अप्पा, कृष्णाच्या घरी बारशाला गेलो होतो. तुम्हाला हे माझ्यामुळं झालं.
अप्पांनी तोंडातली पेज गिळली. मी ओरडा खायची तयारी ठेवली. मग त्यांनी विचारलं, जेवायला काय होतं?
मी म्हटलं, होळगी.
ते म्हणाले, पुरण डाळीचं का शेंगाचं?
डाळीचं.
अप्पांनी मान हलवली. म्हणाले, गेलाच होतास, तर दोन बांधून तरी आणायच्या.
मग त्यांनी तोंड उघडलं. मी पुढचा चमचा भरला.