कॅमेऱ्याच्या कपाळी गंध

आदरणीय सदाशिव भावोजी यांस, मयेहून तुमचा मेहुणा सगुण याचा नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. तुमचा गुडघा आणि जानकीताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असे समजतो.

तुमचे पत्र पोचले. (फोन असताना पत्र लिहिलेत, म्हणजे तुमच्या लेकीच्या, सायलीच्या कानावर जायला नको होते, हे ओळखले.) पेडण्याच्या ज्या कारखान्यात मी आहे, तिथूनच तिला कॅमेऱ्यांची तंत्रज्ञ म्हणून बोलावणे आले. तिने मात्र घरी राहून सरकारी जाहिरातीची वाट पाहावी, असे तुमचे मत. तेव्हा मामाने कारखान्याचे दोष सविस्तर कळवावेत, म्हणजे तिला वाचून दाखवता येतील. कळवतो. बहुतेक माझेच आहेत.

वीस वर्षे खाणीवर लोडर चालवला, खाण बंद झाली, मग एका गॅरेजात होतो, तेही बंद झाले आणि आता सहा महिने इथे आहे. औषधाच्या बाटल्या होतात. पूर्वी बाटल्या तपासायला आठ बायका बसत. आता एक कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला मी. (याला रोजगाराच्या नव्या वाटा म्हणतात, असे प्रशिक्षणात सांगितले. त्या आठ जणी कुठल्या वाटेने गेल्या ते सांगितले नाही.) येत्या सोमवारी मला कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती.

परवा खंडेनवमी झाली. आमची शिफ्टप्रमुख गौरवी, वय अठ्ठावीस, हिने आधीच बजावले होते की पूजा गेटवर, एक नारळ, आत काही नाही. नारळाच्या बाबतीत मी तिचे ऐकले. पण खाणीवर आमचा रिवाज होता, लोडरच्या दोन्ही दिव्यांना गंध लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. कॅमेऱ्याला तर बिचाऱ्याला एकच डोळा. चिमूटभर कुंकू भिजवून लावले. (हात कोपरापर्यंत धुतले होते.) त्यानंतर त्याला प्रत्येक बाटलीवर लाल डाग दिसू लागला आणि वीस मिनिटांत बाद बाटल्यांचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला. घाईघाईने रुमालाने रगडून पुसला, तर आता बूच नसलेल्या बाटल्याही पास. काम थांबले. बंगळुरूचा माणूस येणार तीन दिवसांनी. गौरवीने माझा कागद खणात परत ठेवला. ओरडली असती तर बरे वाटले असते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधायची मला भीती वाटते, भावोजी.

जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन सायलीला फोन लावला. (आत फोन नेता येत नाही. हाही दोष धरा.) तिने तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "मामा, कॅमेरो बिघडाक नाय. तुमी तो फिरवलास. स्क्रूकडे रेघ आसतली, थय परत आणा."

गौरवीने तो रेघेवर आणला. बाटल्या सुरू झाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हें तुमकां कोणे सांगलें?" भाचीने, म्हटले. तिने नाव लिहून घेतले.

तर दोष हे: आठ तास उभे राहणे, माझी डिचोलीची बस पहाटे साडेपाचला, कँटीनची भाजी. (पाव चांगला असतो.) तुम्ही बाप आहात, निर्णय तुमचा. मी मध्ये पडत नाही.

आपला,
सगुण

ता. क. मध्ये पडत नाही हे वाक्य गाळून वाचावे. सोमवारी नऊ वाजता भाचीला गेटवर हजर करतो, असे मी गौरवीला कबूल केले आहे. माझा कागद अजून खणातच आहे. फोनवर तुम्ही ओरडाल, म्हणून हे पत्र तुमच्या बांद्याच्या बसच्या कंडक्टरकडे देत आहे.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच सायलीचा फोन. गौरवीने तिला थेट विचारले आणि ती हो म्हणून मोकळी झाली. आज रात्री जेवताना तुम्हाला सांगेल. मला आणखी तीन महिने सायलीच्याच हाताखाली काम करायचे आहे आणि कायम करायचे की नाही, हा शेरा तीच लिहिणार. तेव्हा सोमवारी निघताना ती तुमच्या पाया पडेल, तर रागाच्या भरात पाय मागे घेऊ नका. ती रडत कामावर आलेली मला परवडणार नाही, आणि बघवणारही नाही.