एका वेळी एकच खण

मालवण, बाजारपेठ
७ ऑक्टोबर २०२५

ती. सीतावन्सं यांस,
मथुरेचा वाकून नमस्कार. तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल, गुडघ्यांना जपा.

जितेंद्र तान्हा होता तेव्हाचा एक दिवस सांगते. त्या दिवशी सकाळी मी सडा घातला, पेज शिजत टाकली, जितेंद्रला तेल लावून पाळण्यात निजवलं आणि ह्यांची पेज डब्यात घेऊन दुकानावर गेले. हे फळ्या काढून आत ठेवत होते. म्हटलं, रिकामं बसण्यापेक्षा खण पुसते. काष्ठौषधींचं बहात्तर खणांचं ते कपाट तेव्हा मला नवंच होतं. मी सुंठीचा आणि हिरड्याचा असे दोन खण एकदम ओढून मांडीवर घेतले, तर हे गिऱ्हाईक सोडून आले. एक खण माझ्याकडून घेतला, जागच्या जागी सरकवला आणि मग म्हणाले, एका येळाक एकच खण गो, बाबांची शिस्त आसा. रागावले नाहीत. गिऱ्हाईकच म्हणालं, घोव बायलेक शिकयता म्हणजे आता सुंठ महाग होतली. सगळे हसले. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही, तरी अलीकडे मला तोच दिवस सारखा आठवतो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या लेकाच्या मोबाइलवर पाठवलं तर ते आधी सत्यवानाच्या डोळ्यांखालून जातं, म्हणून हे पत्र. वन्सं, मी दुकान बंद करायचं म्हणते. हे गेल्याला सहा वर्षं झाली. तुम्ही इंग्लंडला गेलात तेव्हाचा बाजार आता राहिला नाही. समोरचे घड्याळवाले गेले, तिथे समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्यांची पाटी आहे, निळा मासा काढलेला. सोड्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. कासारांच्या जागी लॉजचा एजंट बसतो. पर्यटक मला विचारतात, आजी, मसाला आहे का, काजू आहे का. वेखंड म्हटलं की फोटो काढतात.

जितेंद्रने भाडेकरू बघून ठेवला आहे, आइस्क्रीमवाला. जागेवर तुमचंही नाव आहे, म्हणून तुमचा होकार हवा. कारण विचाराल तर वय झालं, दुसरं काही नाही. कपाटातलं काय तुमच्यासाठी ठेवू ते कळवा.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची भावजय,
मथुरा

*

इंग्लंड
२६ ऑक्टोबर २०२५

चि. मथुरा हिस,
सीतेचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. सत्यवानाला वाटलं, कानातल्या यंत्राची बॅटरी संपली. त्याने माझ्या कानातलं काढून नवी घातली. घालू दिली.

तुझ्या बाजाराचं वाचून मी इथला रस्ता आठवत बसले. पंधरा वर्षांपूर्वी आले तेव्हा या गावच्या मोठ्या रस्त्यावर मासेवाला होता, चांभार होता, बँक होती आणि मिसेस पिंडर नावाच्या बाईंचं लोकरीचं दुकान होतं. मला भाषा येत नव्हती. मी बोटाने दाखवायचे, ती लोकरीचा गुंडा माझ्या गालाला लावून बघायला द्यायची. तिच्याकडेही भिंतभर खण होते ग मथुरा. मी पहिल्यांदा आत गेले आणि मला बाबांच्या दुकानाचा वास येईल असं वाटलं. आला नाही, लोकरीचाच आला, तरी मी दर शुक्रवारी जायला लागले.

आता मासेवाल्याकडे नखं रंगवतात. बँकेत कॉफी मिळते. पोस्ट वाणसामानाच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात आहे, हे पत्र तिथूनच टाकणार. मेलेल्या माणसांचे कपडे विकणारी चार दुकानं झाली आहेत, धर्मादाय. मिसेस पिंडरने दोन वर्षांपूर्वी दारावर चिठ्ठी लावली. शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीत म्हणून दारापासून चर्चपर्यंत रांग. दहा वर्षांत ज्यांनी दोरा घेतला नव्हता, ते सगळे आले आणि तिचा हात धरून वाईट वाटलं म्हणाले. माझे गुडघे दुखायला लागल्यापासून मीही वर्षभर गेले नव्हते. त्या रांगेत मीही होते.

म्हणून सांगते, मे महिन्यापर्यंत थांब. सत्यवान तिकीट काढतो म्हणाला आहे. मला एकदा त्या दुकानात, गल्ल्यामागच्या बाकावर बसायचं आहे. बाबांनी माझ्याकडून बहात्तर खण पाठ करून घेतले होते, डोळे बांधून. नंतर हरी जन्मला आणि दुकान त्याचं झालं. मी कधी काही म्हटलं नाही. पण माझ्या भावाने एवढं सांभाळलेलं तुला सहा वर्षांत जड झालं, हे मला पटत नाही. वय माझं झालं आहे. तू तर माझ्यासमोर लग्न होऊन आलीस.

रागाने लिहिलं असेल तर रागाने वाच. पण मे पर्यंत थांब.

तुझी वन्सं,
सीता

*

मालवण
११ नोव्हेंबर २०२५

ती. सीतावन्सं यांस,
मथुरेचा नमस्कार.

तुमचा राग पोचला. दुकान मला जड झालं नव्हतं. मी तुम्हाला खरं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका.

घट बसायच्या दोन दिवस आधी मी कपाट साफ करायला घेतलं. हे असताना बहात्तर खण पुसायला चार दिवस लागत, एक काढायचा, पुसायचा, ठेवायचा, मग दुसरा. मला वाटलं, ऊन चांगलं पडलंय, खालच्या दोन ओळी एकदमच धुऊन वाळवू. जिनसा कागदावर काढल्या, खण धुतले, मागच्या पडवीत मांडले. तेवढ्यात सर आली. मी धावत खण आत आणले, भराभर भरले आणि सरकवले. कोणी मदतीला नव्हतं, म्हणजे दोषही दुसऱ्या कोणाचा नाही.

बाळगुटीतलं अतिविष आणि विषारी बचनाग यांच्या खणांची अदलाबदल झाली.

तुम्हाला समजावून सांगायला नको. बचनाग दहा वर्षांत कोणी मागितला नव्हता. पूर्वी वैद्य न्यायचे, शुद्ध करून घ्यायचे. तेही गेले. तो मी केव्हाच काढून टाकायला हवा होता. अतिविष फिकट असतं, बचनाग काळपट, पण जुने धुळकट तुकडे, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि खरं म्हणजे मी बघितलंच नाही. आम्ही खण बघून काढत नाही, हात जातो. वरून पाचवी ओळ, उजवीकडून तिसरा. ह्यांचा हात जायचा तसा माझाही जातो, याचा मला अभिमान होता. अक्षरं मी पुडीच्या रद्दीवर शिकले. हे सगळ्यांना सांगायचे, माझी बायको रोज पेपर वाचता, पण गेल्या वर्षाचो. मला नावं लिहून चिकटवता आली असती. पण ह्यांच्या मागे चिठ्ठ्या लावल्या तर लोक म्हणतील, बाईला पाठ नाही. म्हणून लावल्या नाहीत.

मासळी बाजारातली सुशीला आठवते ना, मोठ्या आवाजाची? तिच्या सुनेला, दिव्याला, जुलैत मुलगी झाली. नवरात्रात सुशीला बाळगुटी न्यायला आली. मी हाताने सोळा जिनसा काढल्या, पुडी बांधली आणि पहिल्या मुलीची म्हणून, आपल्या दुकानाच्या रीतीप्रमाणे, पैसे घेतले नाहीत.

आपल्याकडे गुटी आधी आजीच्या जिभेवर जाते, मग बाळाच्या. वन्सं, तेवढ्याने ते मूल आहे. सुशीलाने सहाणेवर वळसे दिले, बोट जिभेला लावलं आणि थोड्या वेळात तिच्या ओठांना मुंग्या आल्या, जीभ बधिर झाली. उलट्या झाल्या. सुनेला तिने पित्त झालं म्हणून सांगितलं आणि गुटी मोरीत ओतली. तिसऱ्या दिवशी पुडी घेऊन दुकानात आली. ओरडेल असं वाटलं होतं. ती बाकावर बसली, पदराने वारा घेतला आणि हळू म्हणाली, ह्या तुझा परत घे गो. दिव्याक मी काय एक सांगूक नाय, तू पण खंय बोला नको. मग म्हणते, माझी जीब जल्मभर चलली, दोन तास गप रवली ती गावाक बरीच वाटली आसतली. आणि हसली. मी हसू शकले नाही.

बचनाग मी परसात खोल पुरला. बाकीचे खण एकेक काढून खिडकीशी तपासले, सगळे बरोबर आहेत. तरी तेव्हापासून गुटी मागायला कोणी आलं की संपली म्हणते. हात खणाकडे जातो आणि थांबतो. असं दुकान उघडून बसण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी मे पर्यंत उघडं ठेवीन, पण त्यात देण्यासारखं काही नसेल.

हे असते तर काय म्हणाले असते, हा विचार रोज येतो. काही म्हणाले नसते. खण माझ्याकडून घेऊन जागेवर ठेवला असता.

तुमची,
मथुरा

*

इंग्लंड
३० नोव्हेंबर २०२५

चि. मथुरा हिस,
अनेक आशीर्वाद, आणि माझ्या मागच्या पत्राबद्दल तुझे पाय धरते. मोठी असले म्हणून काय झालं.

पत्र फाडलं नाही. उशीखाली आहे. इथे मराठी वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही, सत्यवानालाही आता जोडाक्षरं अडतात.

नावं लावली नाहीस हा तुझ्या एकटीचा दोष नव्हे. मी आठ वर्षांची असताना बाबांना म्हटलं होतं, मी सुंदर अक्षरात नावं लिहून देते. ते म्हणाले, नाव वाचून औषध देणारा तो दुकानदार नव्हे. आम्हाला सगळ्यांना त्या पाठांतराचं फार कौतुक होतं. बहात्तर खण डोळे बांधून ओळखले म्हणून मी शाळेत मिरवले आहे. तो तोरा आमच्या घरचा, तुझ्या अंगावर आला.

आता दुसरं. मे महिन्यात मी येणार नाही. डॉक्टरांनी सत्यवानाला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. येत नाहीच, पण त्याचा चेहरा दिसत होता. हृदयाचं आहे. विमानात बसवणार नाहीत. तिकिटाचं तो अजून बोलतो, मीही बोलते. तू त्याला कळवू नकोस की मला कळलं आहे.

तेव्हा माझ्यासाठी थांबू नकोस. होकाराच्या कागदावर सही करून सोबत पाठवते आहे. आइस्क्रीम तर आइस्क्रीम, मुलं तरी येतील. विचारलं कोणी तर वय झालं म्हण, ते काही खोटं नाही. आणि सुशीला म्हणते तसंच कर, कोणाला सांगू नकोस. मूल सुखरूप आहे. तिच्या आईच्या मनात आयुष्यभराची भीती कशाला घालायची? सुशीला तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा शहाणी आहे. माझं एवढं ऐक.

मला कपाटातलं काही नको. ठेवायचं कोणासाठी?

तुझ्यावर माझा जीव आहे, तो मोजून बघू नकोस.
सीता

*

मालवण
१९ डिसेंबर २०२५

ती. सीतावन्सं यांस,
मथुरेचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि सही मिळाली. तुमच्या तब्येतीचं वाचलं. मी काय लिहू? जितेंद्रला पासपोर्टचं विचारलं, तर तो नुसता हसला. मी इथे रोज तुमचं नाव घेते, एवढंच माझ्या हातात आहे. सत्यवानाला काही कळवणार नाही.

एका गोष्टीत मात्र तुमचं ऐकलं नाही. ते सांगायला हे पत्र.

मागच्या सोमवारी दिव्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी आता पाच महिन्यांची आहे, गालांना खळ्या पडतात. दिव्या म्हणाली, आईंनी गुटी बंद केली, पुडीला मुंग्या लागल्या म्हणतात, मला नवी बांधून द्या. मी म्हटलं, दुसरीकडे बघ. तर म्हणते कशी, नको आजी, माहेरीही आम्हाला तुमच्याच दुकानाची देत होते, दुसऱ्यांचा भरवसा नाय. आणि मुलीला गल्ल्यावर टेकवून ती पैसे काढायला पिशवीत वाकली. मुलीने माझं बोट धरलं. मी म्हटलं, जिनसा आलेल्या नाहीत. ती म्हणाली, मग येईन परत, थांबेन मी.

वन्सं, ती थांबणार होती. मी वय झालं सांगून दुकान बंद केलं असतं, तरी तिने दहा जणींना सांगितलं असतं की मथुराआजींची गुटी चांगली होती. ते मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. सुशीला मासळी बाजारातून आली होती, टोपली धूत होती. मला बघून तिला कळलं असावं. मानेनेच नको नको म्हणाली. मी दिव्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. खण, सर, बचनाग, तिच्या सासूची जीभ. काही वगळलं नाही, रडलेही नाही. दिव्याने ऐकून घेतलं. पाळण्यातून मुलीला उचललं, छातीशी धरलं आणि एवढंच विचारलं की आईंनी बोट लावलं नसतं तर. मी म्हटलं, तर ती नसती. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. आतून मुलीचं रडणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

सुशीलाने मला चहा दिला नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, तुका गप रवाक काय झाला होता गो मथुरे. तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला. तिच्या सुनेने तिच्याशीही दोन दिवस अबोला धरला, असं नंतर समजलं. तिचंही मी नुकसान केलं. बाजारात आता बहुतेकांना माहीत आहे. तोंडावर कोणी बोलत नाही. शेजारचे कपडेवाले भावजी नेहमी हाक मारतात, त्या दिवशी मारली नाही.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पण आता दिव्या थांबलेली नाही, एवढं आहे.

तुम्ही रागवाल. रागवा, पण पत्र लिहा, बंद करू नका. तुमच्याशिवाय ह्यांना हरी म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही.

तिच्या घरून आले त्या दिवशी मी दुकान नेहमीच्या वेळेपर्यंत उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. पेज केली, जेवले आणि दुपारी जितेंद्रला फोन करून आइस्क्रीमवाल्याला हो कळव म्हणून सांगितलं.

तुमची,
मथुरा