दोघींचं जुळलं की खाच पडते

बाई, मोबाईलवर नवा पासवर्ड ठेवायचा असला की तो दोनदा घालावा लागतो. परवा मी एकदा घातला, तर खाली आलं, पुन्हा घाला. सून म्हणाली, "काय कटकट आहे हो आई ही." मला मात्र हसू आलं. तुमचं ते तपासणीचं मशीन अजून जिवंत आहे म्हणायचं, फक्त आता दुसरी मुलगी लागत नाही. एकटीनंच दोन्ही कामं उरकायची. तुम्हाला हे अजिबात पटलं नसतं. "स्वतःच लिहायचं आणि स्वतःच बरोबरची खूण करायची, छान," असं काहीतरी बोलून तुम्ही चष्मा पुसला असतात.

तुम्ही पुण्याहून आमच्या साखर कारखान्यावर सुपरवायझर म्हणून आलात तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन तिथं नोकरीला लागले होते. आम्ही पाथर्डीकडचे. आई-वडील दरसाल दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि ही नोकरी गेली तर मीही त्यांच्यामागून मोळ्या बांधायला जाणार हे ठरलेलंच होतं. कारखान्यावर सगळे म्हणायचे की कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर कुठला, तो पुण्यात, आणि तो आपण कोणी पाहिलाही नव्हता. आपल्याकडे शेतकी ऑफिसमागची जुनी बारदानाची खोली, दोन मशीन, आम्ही दोन मुली आणि तुम्ही. सभासदांनी ऊस कोणत्या महिन्यात लावला याची नोंद आम्ही कार्डांवर भोकं पाडून करायची आणि कार्डांची पेटी एसटीनं पुण्याला जायची. तिकडून छापून यायचं, कोणाचा ऊस कधी तोडायचा.

पहिल्याच दिवशी मी कार्ड हातात घेऊन विचारलं, "बाई, ह्याचा कोपरा कुनी कुरतडला?" तुम्ही हसला नाहीत. कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "यात एक उलटं आहे, काढ." मी कडेवरून बोट फिरवलं आणि ते लगेच हाताला लागलं. "हा कोपरा कापायचं ज्यानं ठरवलं ना, त्यानं माणसं चुकणार हे धरूनच ठरवलं," तुम्ही म्हणालात. मला ते फार आवडलं होतं. आमच्या शाळेत चुकणाऱ्याला धरून कोणी काही ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं, नुसतं धरलेलंच पाहिलं होतं.

मग दुसरं मशीन. मी कार्ड पंच करायचं आणि माझी मैत्रीण, ती राजूरकडची, तेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून तीच नोंद पुन्हा पहिल्यापासून मारायची. तिच्या मशीननं भोक पडत नसे. तिचं बटण माझ्या भोकाशी जुळलं तर पुढं सरकायचं, नाही जुळलं तर लाल दिवा लागून अडायचं. सगळं जुळलं की कार्डाच्या कडेला बारीकशी खाच पडायची. खाच असलेलंच कार्ड पुण्याला जाणार. "मशीनला बरोबर काय ते कळत नाही," तुम्ही सांगायचात. "दोघींचं जुळतं का, एवढंच कळतं. म्हणून ओठ मिटा. एकीचं दुसरीच्या कानावर जाता कामा नये." हे तुम्ही रोज सांगायचात, मशीनवरचं फडकं काढायच्या आधी.

आणि तेच आम्हाला जमत नव्हतं. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढचं प्रत्येक माप मोठ्यानं मोजतात, चार माणसांनी ऐकावं म्हणून. मनातल्या मनात मोजणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी तशीच वाढलेली. बोटं बटणावर गेली की आकडा आपसूक तोंडातून बाहेर पडायचा, आणि शेजारी बसलेली ती मान डोलवत ऐकायची. तुम्ही खोलीत असलात की आम्ही गप्प. तुम्ही पुढच्या ऑफिसात गेलात की खळं सुरू.

हंगाम सुरू झाला आणि एक शेतकरी हातात उसाचं कांडं घेऊन दारात उभा राहिला. ते कांडं मला अजून दिसतं, हिरवंगार, कोवळं. "बाई, माज्या वावरात तोड धाडली तुमी. मागल्या साली दसऱ्याला लावल्याला ऊस हाय त्यो. अजून दोन म्हैनं तरी हुबा ऱ्हायला पायजे. टोळी परत लावून दिली मी, पर असं कसं झालं?" तुम्ही त्याला बसायला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि त्याच्या गावाची कार्डं काढलीत. प्रत्येक कार्डाला खाच. त्या गावच्या आधीच्या सगळ्या लागणी जुलैतल्या होत्या. मी 'शून्य सात, शून्य सात' म्हणत गेले, आणि ऑक्टोबरच्या लागणी आल्या तरी तोंड आणि बोटं सातावरच राहिली. तिच्या कानात माझा सात होता. लाल दिवा लागणार कसा?

शेतकी साहेबांनी तुम्हाला आणि मला केबिनमध्ये बोलावलं, तिला दाराबाहेर उभं केलं. कार्डावर पंच करणारीचा नंबर असतोच. "ह्या पोरीला आजपासून बंद करा," साहेब म्हणाले. मला आईच्या हातावरचे पाचटाचे ओरखडे दिसत होते. तुम्ही म्हणालात, "साहेब, दोघींना शेजारी बसवलं मी. बोलू नका असं या मुलींना मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. चूक माझी आहे." मी तुमच्याकडे बघतच राहिले. साहेबही काही कच्चे नव्हते. तुम्हाला बाहेर थांबायला सांगून त्यांनी मला विचारलं, "बाईंनी सांगितलं होतं का नाही?" मी म्हणाले, "न्हाई साहेब." मग मला बाहेर काढून तिला बोलावलं. दारात आमची गाठ पडली, पण बोलायला सवड नव्हती; माझं 'न्हाई' मात्र बाहेर तिच्या कानावर गेलं होतं. आतून तिचा आवाज आला, "न्हाई साहेब, कवाच न्हाई." दोघींचं जुळलं. साहेबांना पटलं.

त्याच आठवड्यात तुम्ही दोन मशीनच्या मध्ये लोखंडी कपाट आणून उभं केलंत. त्या गावाची सगळी कार्डं आपण पुन्हा केली, आणि लाल दिवा इतक्यांदा लागला की मला रडू यायचं. तुम्ही म्हणायचात, "लागू दे. तो लागतोय म्हणजे काम चाललंय." पुढच्या हंगामाला कारखान्यानं तुम्हाला बोलावलं नाही. का, ते कोणी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. माझा पगार मात्र सुरू राहिला, पुढं कायमही झाले, निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. मोळ्या बांधायला गेले नाही. आईलाही दोन वर्षांनी कोयता खाली ठेवायला लावला. बाई, हे सगळं तुमचं आहे. तुम्ही गेल्याचंसुद्धा मला फार उशिरा कळलं, त्यामुळे हे तुम्हाला कधी तोंडावर सांगता आलं नाही, आणि आता हा कागद टाकायचा तरी कुठल्या पेटीत?

एक मात्र तुम्हाला माहीत नाही. तुमच्या जागी पुण्याहून नवे सुपरवायझर आले. आमचं काम बघून म्हणाले, "इतक्या गप्प बसून काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या नाहीत. हे कोणी शिकवलं?" माझं कायम व्हायचं अजून बाकी होतं. मी म्हणाले, "आधीच्या बाईंनी. पहिल्या दिवसापासून रोज सांगायच्या." कपाटापलीकडून ती म्हणाली, "व्हय, रोज." शेतकी साहेब दाराशीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि ते निघून गेले. ते तिथं उभे आहेत हे मला दिसत होतं, बाई. दिसत होतं म्हणूनच मी मोठ्यानं बोलले.