तेल पेठेत घालू

१७ नोव्हेंबर १९१३, सोमवार. मंचर.
अकरा महिन्यांनी मोटारीसमोर उभा राहिलो. शेठजींच्या वखारीमागे, पत्र्याच्या शेडात. दगडू मिस्त्रीनं इंजिन पुरं खोलून नव्यानं बांधलं आहे. पुढच्या सोमवारी जुन्नरची पहिली फेरी. शेठजी म्हणाले, "तुम्ही पुढं बसायचं राव, आणि पुण्याच्या तुमच्या वर्तमानपत्राला झकास मजकूर धाडायचा." बरं म्हणालो.
दगडू निरगुडसरचा. शिवरामचा थोरला भाऊ. शिवराम याच गाडीवर चालक होता. अकरा महिन्यांपूर्वी पेठ गावच्या घाटात अपघातात गेला. दगडू त्याचं नाव घेत नाही, मीही घेतलं नाही.

१८, मंगळ.
दिवसभर तेल. सगळीकडे एरंडेलाचा वास. प्लग काढलेले, ठिणगी नाही, पेट्रोल नाही. दगडू पुढचं हँडल हातानं फिरवतो. हेतू एवढाच की पहिल्यांदा सुरू होण्याआधी तेल सगळ्या बेरिंगांपर्यंत पोचावं. "कोरडं सुरू केलं तर पाच मिनिटांत सोताला खाईल."
चालकासमोरच्या फळीवर काचेच्या चार नळ्या. एकेका बेरिंगाकडे जाणारा थेंब तिथं दिसतो. तीन नळ्यांत थेंब पडू लागले. चौथी कोरडी. त्या दिवशी जे बेरिंग जळून जाम झालं, त्याचीच. दगडूनं खालची नळी सोडवून फुंकली. मोकळी आहे. परत जोडली. कोरडी.

१९, बुध.
सकाळी शेडाचं कुलूप माझ्यासमोर काढलं. हँडल सरळ वर उभं.
दगडू जवळ जाऊन वाकला. "प्लग काढल्यात. आत दाब न्हाई. सोडलं की खाली लोंबाया पायजे." नंतर हळूच, "त्यो असं ठेवायचा. येता-जाता धोतर अडकू नये म्हनून."
नवी बेरिंगं घट्ट असतात, त्यामुळे राहिलं असेल, असं मी म्हणालो. तो हसला. "मी घट्ट केलेली हायेत, भाऊ. मला ठावं हाय किती घट्ट."
त्यानं हँडल खाली केलं. दुपारी जेवून आलो. वर.

२०, गुरु.
चौथी कोरडीच.
दगडूनं बंडीच्या खिशातून कागद काढला. घड्या पडून चिरलेला. माझीच बातमी. ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्रात तेल नव्हते.’ कोणाकडून तरी वाचून घेतली म्हणे.
"भावजयीला पाण्यावर बाया बोलत्यात. दारू प्याला व्हता म्हनत्यात. त्यो तेल इसरनारा न्हवता. तुमी गाडीत व्हता. काय झालं व्हतं?"
शेठजी आले. बोलणं तिथंच राहिलं.

२१, शुक्र.
साप्ताहिक बातमीपत्र वेळेत धाडलं. बाजार, पाटाचं पाणी, साहेबांचा दौरा. अक्षर नीट आलं. एवढंच.

२२, शनि.
शेठजी दारातूनच ओरडले, "शनिवारी नवं तेल आणायचं नाही हं दगडू! आहे त्यात भागव." मग स्वतःच हसले, "मारुतीला मात्र घालून ये."
दगडू मारुतीला गेला. मी शेडात एकटा. भर दुपार, पत्रा तापलेला. हँडल खाली होतं, नक्की. मी चौथ्या काचेत वाकून बघत होतो. पुढं हँडलकडे टक् टक् टक्, दात्यावर दाता बसल्यासारखं, सावकाश. मान वर केली नाही. आवाज थांबल्यावर पुढं जाऊन बघितलं.
वर.
शिवरामनं त्या दिवशी घाटाखाली गाडी उभी करून तेलाचा डबा काढला होता. मी म्हणालो, "सभा चारला आहे. तेल पेठेत घालू." तो म्हणाला, "थोडंच थांबा, राव." मी घड्याळ दाखवलं. डबा तसाच परत ठेवला त्यानं. पेठ दीड मैल राहिली असेल, इंजिन ओरडून जाम झालं, गाडी मागं सुटली. मी उडी टाकली. मागं बैलगाडी होती, तीत माणसं. शिवराम चाक सोडेना, गाडी डोंगराला नेऊन घातली.
सभेची बातमी मी त्याच संध्याकाळी दिली. अपघाताची दुसऱ्या दिवशी.

२३, रवि.
दगडू मान खाली घालून हँडल फिरवत होता. डबा माझ्या हातात दिलेला. "चौथ्यात तुमी घाला आज." घातलं. थेंब नळीच्या तोंडाशी आला, लोंबकळला, पडेना.
मी म्हणालो, "दगडू, तो तेलासाठी थांबला होता. घाई माझी होती."
त्यानं हात काढून घेतला. हँडल त्याच्या हाताविना अर्धा फेरा वर गेलं आणि उभं राहिलं. आम्ही दोघांनी पाहिलं. दगडूनं काचेवर रुमाल टाकला आणि बाहेर जाऊन बसला.
घरी येऊन चार ओळी लिहिल्या. ‘चालक तेलासाठी थांबत होता, घाई प्रस्तुत बातमीदाराची होती.’ छापतील, आणि मग मला ठेवणार नाहीत.

२४, सोम.
वखारीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. मोटार ढकलून पुढं आणली. नारळ आला, हार आला. प्लग बसवले. शेठजींची गडबड चालली आहे. टपाल निघायला तासभर आहे, त्या चार ओळींचं पाकीट खिशातच.
पुढची जागा दगडूनं पुसून ठेवली आहे. सकाळपासून एकदाच माझ्याशी बोलला. "रुमाल मी काढला न्हाई. तुमी काढा. थेंब असला तर सुरू करू, नसला तर थांबू." मग हँडलपाशी जाऊन, वर न बघता, "आज घाई न्हाई ना, भाऊ?"
शेठजी हाका मारताहेत. रुमाल इथून दिसतो. त्याच्या एका कडेला काळपट, तेलकट डाग आहे. तो काल होता की नाही, ते आठवत नाही. जाऊन रुमाल काढतो.