सातव्या बरणीतली वाळू

प्रिय चिंगे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुझे बाबा खुशीत आहेत. बाल्कनीत टोमॅटो लावलेत आणि दोन टोमॅटो धरल्याचं साऱ्या इमारतीला सांगून झालंय. पुढच्या वर्षी मी प्रयोगशाळेतून निवृत्त होईन. तीस वर्षं वाळूच धुतली. घरी धुणं आणि तिथेही धुणंच, असं बाबा चिडवतात.

पण मला ते काम फार आवडतं. वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत संसार थाटून बसलेले ते समुद्री किडे (तू कृमी म्हणतेस, मी आपली किडेच म्हणते) नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. कणाला असे चिकटतात की हलवून सुटत नाहीत. गोड्या पाण्यात घातले की गांगरून पकड सोडतात. मग मिनिटभरात गाळून परत खाऱ्या पाण्यात. उशीर झाला तर फुगून फुटतात. लहानपणी तू शेजारी स्टुलावर बसून मोठ्याने साठ आकडे मोजायचीस आणि चाळिसावरून थेट पन्नासवर उडी मारायचीस. त्यामुळे तू त्या लांबच्या बेटावरून वाळूच्या दहा बरण्या माझ्याकडे धुवायला पाठवल्यास, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला. "आई, सातव्या बरणीतला किडा आजवर कुणीच पाहिलेला नाही." तू आनंदाने रडत होतीस. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं गं.

सातवी बरणी धुताना मावशीचा फोन आला होता. तिच्या गुडघ्यांचं पुराण संपेपर्यंत आठ मिनिटं गेली आणि सगळे किडे फुटले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुला काय तोंड दाखवू, या लाजेपोटी आपल्या घरामागच्या किनाऱ्यावरची वाळू आणून धुतली आणि त्यातले किडे सातव्या कुपीत भरून पाठवले. किडे इथूनतिथून सारखेच, अशी मनाची समजूत घातली.

सोमवारी तुझा लेख छपाईला जाणार, त्यात त्या बेटाचं नाव असेल. ते आधी खोड. तुझ्या साहेबांना माझी चूक सांग, जे व्हायचं ते माझं होऊ दे. किडा मात्र खरोखर नवा आहे, आणि शोधलास तो तूच. रविवारी ये, वाळू कुठून उचलली ती जागा दाखवते. लहानपणी त्या वाळूत तू पहिलं पाऊल टाकलंस ना, तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तुझीच चुकलेली,
आई