सोडण्यापुरती सरदारकी

डेटन, ओहायो

तीर्थस्वरूप आबासाहेबांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, मृणालिनीचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो सध्या कागदावरच घालते आहे, गोड मानून घ्यावा.)

आपला खोकला, वहिनींची दाढ, परसातलं रामफळ आणि नव्या सूनबाई या सर्वांचं कुशल कळवावं. चि. जयसिंहाच्या लग्नापासून दोन्ही घरांतलं दळणवळण बंद पडल्यामुळे खोकला गेला की राहिला हेही इकडे कुणाला ठाऊक नाही. लग्नपत्रिकेवर आपल्या नावाआधी ‘श्रीमंत सरदार’ आणि धाकट्या भावाच्या नावाआधी नुसतं ‘श्री.’ छापलं गेलं, हा छापखान्याचा दोष होता असं मी पहिल्या दिवसापासून मानत आले आहे. घरातलं दुसरं माणूस तसं मानत नाही. ती पत्रिका आमच्या फ्रिजच्या दारावर अजून चिकटवलेली आहे, आणि थंड दूध काढायला गेलेला मनुष्य दर खेपेला तापून परत येतो.

तर बाळासाहेबांना (म्हणजे आपले धाकटे बंधू, आपण हल्ली त्यांचं नाव घेत नाही असं ऐकते, म्हणून ओळख करून देते) यंदा अमेरिकेचं नागरिक व्हायची घाई झाली. सतरा वर्षं ग्रीन कार्डावर सुखात काढली होती. पण शेजारच्या डेलशी कुंपणावरून राजकारणाचा वाद रंगात आला, की डेल गवत कापायचं यंत्र सुरू करता करता म्हणतो, “बाला, तू कशाला घसा कोरडा करतोस? मतदानाला जाणार कोण, मी.” यावर उत्तर नसतं. आणि उत्तर नसणं आपल्या घराण्यात कुणाला सोसत नाही, हे मी आपल्याला काय सांगावं.

अर्ज मागवला. त्यात माणसाच्या यच्चयावत पापांची चौकशी असते. तुम्ही कायम झिंगलेले असता का, जुगारावर पोट भरता का, एका वेळी दोन बायका केल्यात का, कुठलं सरकार उलथवलंत का. (एवढी बारीक यादी आमच्या प्रायश्चित्तकांडातही नाही, आणि ते लिहिणारे ऋषी काही कमी संशयी नव्हते.) हे ‘नाही, नाही’ लिहीत नेति नेतिच्या मार्गानं ब्रह्मापर्यंत पोचायच्या बेतात होते, तेवढ्यात एका प्रश्नाशी थबकले. परदेशात तुम्हाला वंशपरंपरेनं चालत आलेला किताब किंवा सरदारी आहे काय? असल्यास ती सोडायला तयार आहात काय?

मी म्हटलं, “नाही लिहा आणि उठा, भात निवतोय.”

यांनी मान वळवून फ्रिजकडे पाहिलं. मग ‘होय’ लिहिलं. पुढच्या प्रश्नालाही ‘होय’. जी गोष्ट सांगलीत सख्खा भाऊ द्यायला तयार नाही, ती ओहायोत सोडून दिल्याबद्दल त्या रात्री हे दोन वाट्या श्रीखंड जेवले.

मुलाखतीला मी बरोबर गेले होते. बाहेर बसवलं होतं, पण आतला वृत्तांत मला घरी पोचेपर्यंत तीनदा ऐकायला मिळाला, तेव्हा प्रमाण मानायला हरकत नाही. घटना, कोर्ट, राष्ट्राध्यक्ष वगैरे प्रश्नांची उत्तरं यांनी घनपाठी ब्राह्मणासारखी धडाधड म्हणून दाखवली. पावलाक नावाच्या अधिकारी बाई खूश झाल्या आणि पान उलटून त्या ‘होय’पाशी अडखळल्या. असा ‘होय’ त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

“ही सरदारकी कशाबद्दल मिळाली?” बाईंनी विचारलं.

आबासाहेब, आपल्याकडे प्रत्येक मंगलकार्यात पणजोबांची घाटातली लढाई आणि त्यांच्या कपाळावरचा वार ऐकतच मी या घरात म्हातारी होत आले. पण यांनी दहाच मिनिटांपूर्वी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली होती. यांनी शपथेच्या त्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “महाराजांचा शिकारी कुत्रा विहिरीत पडला होता. पणजोबांनी तो काढला.” (कपाळावर वार नव्हता, ओरखडा होता, हेही मला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी मोटारीत कळलं.)

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वाचला का तो?”

“वाचला की. चांगला म्हातारा होऊन गेला.”

“नाव काय होतं?”

“दिलेर.”

बाईंनी ते नाव लिहून घेतलं. लढाई सांगितली असती तर त्यांनी हा सगळा पोकळ बडिवार म्हणून खोडला असता, असं माझं मत आहे. कुत्र्यामुळे सरदारकीला वजन आलं. बाई म्हणाल्या, असं असेल तर शपथविधीच्या वेळी तुम्हाला उभं राहून, सगळ्यांदेखत, ही सरदारकी सोडली असं वेगळं म्हणावं लागेल. मात्र ती तुमची आहे असं कुटुंबप्रमुखाचं पत्र आणा. नाही मिळालं तर ‘होय’ खोडा, ‘नाही’ लिहा, शेजारी सही करा, माझं काही म्हणणं नाही. तोवर अर्ज थांबला.

बाईंचं न्यायशास्त्र चोख आहे. होमात ‘इदं न मम’ म्हणायचं तर तूप आधी आपलं असावं लागतं. शेजारणीचं तूप ओतून त्यागाचं पुण्य मिळत नाही. पण स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिहायला सांगितलं तर हे सतरा काय, आणखी सत्तर वर्षं ग्रीन कार्डावर राहतील.

सध्या गॅरेजमध्ये सराव चालतो. कोल्हापुराहून आणलेला फेटा बांधून हे बर्फाच्या फावड्यासमोर उभे राहतात आणि सरदारकी सोडतात. सोडताना आवाज इतका चढतो, की घेताना पणजोबांचाही चढला नसेल. परवा डेल ऐकून आत आला. “सरकार, टाकूनच देणार असाल तर मला द्या की.” हे म्हणाले, “वेड्या, ही सोडता येते, वाटता येत नाही.” डेलनं विचार केला आणि आमचं गवत फुकट कापून दिलं. म्हणाला, सरदाराची चाकरी करायची संधी पुन्हा कुठली मिळायला.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद. दाढ काढून टाकावी, राखून काही उपयोग नसतो.

आपली नम्र,
मृणालिनी

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहिते. ‘आमच्या घराण्याची सरदारकी आम्हा दोघां भावांची आहे’ एवढ्या आशयाच्या चार ओळी सहीनिशी धाडाव्यात. हेच वाक्य गेलं दीड वर्ष आपण तोंडातून काढलेलं नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. कारणाच्या जागी कृपा करून कुत्राच लिहावा. बाईंच्या कागदांत आता तोच आहे.

दुसरा ता. क. : कुटुंबप्रमुख कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा हे क्षणभरही न थांबता “माझे थोरले बंधू” म्हणाले. हे तिन्ही आवृत्त्यांमध्ये सारखंच होतं, म्हणून खरं धरते. पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे. सोबत मसुदा जोडला आहे. अक्षर ओळखीचं वाटलं तर दुर्लक्ष करावं.

तिसरा ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. शपथेच्या दिवशी सकाळी सरदार दोन असतील. दुपारच्या जेवणाला जगात आपण एकटेच उराल, तेही अमेरिकन सरकारच्या साक्षीनं. वाटणीचा दावा इतक्या स्वस्तात कुठल्या वकिलानं जिंकून दिला असता? पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवावं.