दुकानाला कुलूप लावण्याबाबत

श्री. मेव्हणेबुवा यांस,

साष्टांग घालायला अंग उरलेलं नाही, तेव्हा नुसता नमस्कार मानून घ्यावा. इकडे सगळेच मेलेले असल्यामुळे प्रकृतीची तक्रार नाही. आपला गुडघा काय म्हणतो? (मला तो दिसला आहे. शिडीपाशी उभे असताना सारखा पाय बदलत होतात. त्या शिडीवर येतोच आहे.) पत्राला तिकीट नाही म्हणून ते परत पाठवू नका, टपालखात्यातून निवृत्त झालात तरी तुमची ती खोड गेलेली नसणार. इथून एकाच माणसाला एक पत्र लिहू देतात. ते मी तुमच्या बहिणीला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे, कारण मला रागवायचं आहे. तिच्यावर रागावलं की ती गप्प बसते. तुम्ही निदान वाद तरी घालता.

मी कसा गेलो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात चहा ओतून घेतला आणि तो प्यायचा राहिला, इतकंच. वाटलं, चला, आता तरी कटकट मिटली. कसली मिटते? इथे पोचलो तर समोर हा भलामोठा हॉल, ओळीने बाकं, ओळीने खिडक्या, आणि पहिल्याच खिडकीवर पाटी 'चौकशि'. ऱ्हस्व. जन्मभर पाट्या रंगवत आलेल्या माणसाचं स्वागत हे असं. खिडकीतल्या बाईंना सर्दी झालेली होती (मेल्यावरही सर्दी जात नाही, हे आधी कोणी सांगत नाही). मी म्हटलं, ब्रश द्या, आत्ताच्या आत्ता वेलांटी फिरवून देतो. त्या म्हणाल्या, रंगाऱ्याची जागा मंजूर आहे, भरलेली नाही. मग मला घ्या, म्हटलं. तर म्हणे तुम्ही अजून रीतसर मेलेले नाही. अहो, मी तुमच्यासमोर हजर आहे, याहून आणखी काय मरायचं? त्यावर नाक पुसत त्या म्हणाल्या, हजर असणं हा मेल्याचा पुरावा धरत नाहीत. उलट विरुद्ध जातो.

असं करत करत एकदाचा मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. साहेब शांत. (शांत माणसाचा मला मनस्वी राग येतो, हे तुम्ही अनुभवाने जाणता.) ते म्हणाले, तुमचं खाली कुठेतरी अडकलंय; ते सुटेपर्यंत पुढचं दार उघडणार नाही. मी लगेच तुमचं नाव घेतलं. राग मानू नका, पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट अडकली की तिच्या दुसऱ्या टोकाला लग्नापासून तुम्हीच असता. साहेबांनी तपास केला. तुम्ही मला धरून ठेवलेलं नाही म्हणे. बरं, मग बायकोने? तर तिनेही नाही. रडली, पुष्कळ रडली, पण आता सोडलंय. हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. माणसाने इतक्यात सोडावं? मग धरलंय कोणी, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. साहेबांनी हातातल्या पेनाचं टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाले, एकदा खाली बघून या.

तेव्हा बाकांपाशी येऊन खाली डोकावलो, तर दुकान दिसलं. उघडं. आत तुमची बहीण, अंगात माझा रंगाचा डगला, बाह्या दुमडलेल्या. भिंतीला टेकवलेला भलाथोरला पत्रा, शिडीवर ती, आणि शिडी धरायला तुम्ही, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बिस्किट. इतकी वर्षं तिने माझ्या अक्षरांच्या पोटात रंग भरला. अक्षर काढायचं मी, भरायचं तिने, हे ठरलेलं होतं (कोणी ठरवलं म्हणून विचाराल, मी). आणि आता बाईसाहेब स्वतः 'दातांचा दवाखाना' काढतायत. 'दातांचा' काढला असा ऐसपैस, की 'दवाखाना' 'खा'पर्यंत येऊन पत्रा संपला. 'ना'ला जागाच नाही. मी वरून ओरडलो. आधी खडूची दोरी मार, अक्षरं मोज, ब्रश आमटीच्या डावासारखा धरू नकोस. ऐकू कोणाला जाणार? बाजूच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला तेवढं गेलं, तो म्हणाला, नवीन दिसता.

तिने काय केलं? खाली उतरली. रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून नुसती बघत राहिली. परत आली, टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळं पुसलं, आणि 'दातांचा' वर बारीक, 'दवाखाना' खाली ठसठशीत, अशा दोन ओळी केल्या. 'खा' असा जोडला की कोणी 'रवा' वाचणार नाही. मी आयुष्यात दुकानाची पाटी दोन ओळींत केली नाही. एका ओळीत बसवणं हीच कारागिरी, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आणि मेव्हणेबुवा, ती पाटी वाचता येत होती. मला तर कुठून वाचता आली बघा.

मग तुम्ही तोंडातलं बिस्किट संपवून म्हणालात, "भाऊजी असते तर आत्ता ओरडले असते." ती मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "ओरडले असते. आणि ओरडत ओरडत सगळं स्वतःच लिहून टाकलं असतं." आणि हसली. दुकानात ती हसलेली मला तरी आठवत नाही. तुम्हीही हसलात. मी मेलो होतो हो, आणि तुम्ही दोघं हसत होतात.

साहेबांकडे परत आलो तर त्यांनी कागद पुढे केला: खालच्या कशावरही माझा हक्क राहिलेला नाही, इथे सही करा. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, आधी पत्र लिहिणार. तर हे ते पत्र. हे मिळताच दुकानाला कुलूप लावा. तिला घरी न्या. बाईमाणसाने या वयात शिडीवर चढू नये, रंगाच्या वासाने डोकं धरतं, आणि गिऱ्हाईक फसवायला टपलेलं असतं. भावाच्या नात्याने एवढं करा. बाकी काही मागणं नाही.

आपल्या बहिणीचा नवरा (माजी)

ता. क. दवाखान्याची पाटी मात्र पोचती करा. ती पाहून आणखी कामं आली तर परत पाठवू नका, वाईट दिसतं. तेवढी उरकेपर्यंत कुलपाचं राहू द्या.

ता. क. शिडी दोन्ही हातांनी धरा. बिस्किट नंतर खा.

ता. क. सही केली. पेन चालत नव्हतं, त्यावरूनही बोललो, साहेबांनी दुसरं दिलं. दार उघडलंय, मागचे लोक घाई करतायत, म्हणून थोडक्यात: दुकानावर माझं नाव आहे. जुना रंग आहे, पुसून जाणार नाही, वरून पांढऱ्याचे दोन हात मारा आणि तिला म्हणावं, तुझं नाव घाल. किती मोठं, कुठल्या रंगात, एका ओळीत की दोन, हे सांगायला बसलो होतो. राहू दे. तिचं ती बघेल.